पोटात मोजून, रक्तात दुप्पट

१

मांडव्याच्या जेट्टीवर वरद कोसळला तेव्हा लाँच लागलेली होती आणि माणसं बॅगा घेऊन धावत होती. त्याचे हात थडथड कापत होते, शब्द अडखळत होते. कुणीतरी म्हणालं, "सकाळी सकाळीच चढवलीय वाटतं." लोक उचलायला वाकले तशी त्याची बायको आश्लेषा ओरडली, "किडनीचे पेशंट आहेत हो ते! हात धुतलेत का तुम्ही?"

हे वाक्य नंतर सगळ्या अलिबागनं चेष्टेनं फिरवलं. मला त्यात चेष्टा दिसली नाही. गेल्या थंडीत स्वतःची एक किडनी काढून नवऱ्याला दिलेली बाई आणखी काय ओरडणार?

दर महिन्याच्या तपासणीलाच निघाले होते दोघं. मुंबईत रक्त तपासलं. परकी किडनी शरीरानं झिडकारू नये म्हणून वरद सकाळ-संध्याकाळ एक गोळी घेतो, टॅक्रोलिमस. ती रक्तात कमी पडली तर शरीर किडनी मारतं. जास्त झाली तर गोळीच किडनी मारते. वरदच्या रक्तात ती दुपटीच्याही वर निघाली.

ती गोळी अलिबागमध्ये एकच माणूस मागवून देतो. रत्नपाल. माझा धाकटा भाऊ.

दुपार कलायच्या आत मोबाईलवर फिरायला लागलं: 'बनावट गोळ्यांपासून सावध राहा.' खाली रत्नपालच्या मेडिकलचा फोटो. फोटो असा काढलेला, की पाटीवरचं बुद्धाचं चित्र मधोमध यावं. खोकल्याच्या औषधाच्या, खोट्या गोळ्यांच्या बातम्या वाचून माणसं घाबरलीयत, आणि घाबरावंच असं चाललंय. पण आपल्याकडं घाबरलेला माणूस गोळी नंतर बघतो. आधी आडनाव बघतो.

दुसऱ्या दिवशी औषधखात्याची माणसं नमुने घेऊन गेली. निकाल येईपर्यंत दुकान बंद. आमचे बाबा, भागोजी, उतरलेल्या शटरला पाठ लावून पायरीवर बसले होते. उभं आयुष्य दुसऱ्याच्या बागेत नारळ-सुपाऱ्या उतरवल्या त्यांनी.

"एक दुकान हाय आमचं," ते म्हणाले. "ह्ये ग्येलं की पुन्ना कुनाच्या तरी बागंत. तू पेपरात लिवतीस ना? मंग शोध."

शेजारची धोंडूबाई रस्त्यावरूनच ओरडली, "भक्ते, तुज्या भावाची बीपीची गोळी मी खाडीत टाकली हो!"

"डोकं दुखत नाही मग?"

"दुखतंय तर! फुटतंय!"

"मग दुसऱ्या दुकानातून तरी आण."

"नको गो बाई. मरन आलं तं मरनानं मरीन, गोळीनं न्हाय मरनार."

एका अफवेनं एवढं केलं. आणि वरदच्या घरचे पोलिसांत तक्रार द्यायच्या तयारीत आहेत, आश्लेषा मुंबईहून आली की तिची सही होणार, हे मला त्याच दिवशी कळलं.

२

रत्नपालनं मागच्या दारानं आत घेतलं. दुकानामागं खोक्यांची अरुंद खोली आहे. एक पंखा, एक खिडकी, दोन स्टुलं.

"ताई, कंपनीचं सीलबंद पाकीट येतं. मी फोडत नाही, कापत नाही. जसं आलं तसं वरदच्या हातात."

"जास्त ताकदीची गोळी चुकून गेली असेल."

"ती मी मागवतच नाही. बिलं आहेत, खात्याची माणसं घेऊन गेलीत."

"आश्लेषावहिनीनं कधी जास्तीची पाकिटं मागितली?"

"नाही. महिन्याला लागतात तेवढीच. ती बाई एक गोळी खाली पडली तरी फोन करून सांगते."

मी त्याच्याकडं बघत होते. तो रागावलेला नव्हता. मी असते तर सगळी खोली डोक्यावर घेतली असती. तो मान खाली घालून बसला होता, घरी एखादं भांडं फोडल्यावर बसायचा तसा.

"गोळ्या न्यायला वरद यायचा की ती?"

"वरद."

"काउंटरवरूनच जायचा?"

"व्हय. म्हणजे, हो. काउंटरवरून."

"मग हे दुसरं स्टूल कुणाचं?"

"पाय ठेवायला."

खोलीत औषधांचा वास होता, फिनेलचा होता, आणि त्याखाली आणखी एक. कडसर, गोड, हिरवा. तो मला ओळखीचा होता, पण नाव आठवेना. एखादा माणूस पाठमोरा दिसावा आणि ओळख पटू नये, तसं झालं.

"कसला वास येतोय रे?"

"फरशी पुसलीय." असं म्हणून त्यानं डाव्या कानाची पाळी चोळली.

मी उठले आणि बाहेर आले. माझा भाऊ लहानपणापासून खोटं बोलला की डाव्या कानाची पाळी चोळतो.

३

पाचव्या दिवशी मी मुंबईला गेले. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, त्यांचा ह्यात दोष नाही. वरदला बघणाऱ्या डॉक्टर मधुवंती यांनी मला दारातच विचारलं, "तुम्ही त्या मेडिकलवाल्याच्या बहीण ना? मग तुम्हाला आवडेल असं सांगते, आणि मग न आवडेल असंही."

"आधी आवडेल ते."

"आल्यावर आम्ही गोळी दोन दिवस थांबवली. मग पुन्हा सुरू केली. तीच. तुमच्या भावाच्या पाकिटातली, तेवढीच, नर्सच्या हातून. आता रक्तातलं प्रमाण जिथं हवं तिथं आहे. गोळी अस्सल आहे."

मी वही काढली. "मग हे लिहून द्या ना!"

"खात्याचा निकाल येईल तेव्हा येईल. माझं सांगणं गावातली माणसं ऐकतील का? ती म्हणतील, आधीची पाकिटं खोटी होती. आता न आवडेल ते. गोळी बरोबर असेल तर उरतं काय? जास्त गोळ्या. कुणीतरी त्यांना जास्त देत होतं. डबी कोण भरतं?"

डबी आश्लेषा भरते. सात खणांची, सकाळ वेगळी, संध्याकाळ वेगळी. मी तिला बाहेरच्या बाकड्यावर गाठलं. ती डबी मांडीवरच घेऊन बसली होती, दवाखान्यात त्या डबीचं काही काम नसताना.

"डॉक्टरांना मी संशयित वाटते," ती म्हणाली. "तुमच्या भावाला मी संशयित वाटते का?"

"तो म्हणतो, एक गोळी पडली तरी तुम्ही फोन करता."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. "खुशाल मोजा. आणलेल्या, खाल्लेल्या, उरलेल्या. सुशृतभावोजींनी इथं येऊन मोजल्या, डॉक्टरांनी मोजल्या. एक कमी नाही, एक जास्त नाही. माझी किडनी आहे ती, ताई. मी माझ्याच किडनीला विष घालीन?"

"खाण्यात काही?"

"उकळलेलं पाणी, घरचं ताजं. कच्चा पाला नाही, बाहेरचं नाही. फळ फक्त जाड सालीचं, सोलता येईल असं, कारण जंतू सालीच्या आत जात नाहीत. केळं मी स्वतः सोलते. काशीदला सासूबाईंकडं बागेत जाणंसुद्धा बंद केलंय. हे शिमग्याला गेले आणि तापानं फणफणून आले. आईंना सांगितलं, वर्षभर भेट नको. आईंना राग आला. येऊ दे."

"आणि ते ऐकतात? सगळं?"

"लहान मुलासारखं." तिचा आवाज जरा खाली आला. "कधीकधी वाटतं, मोठ्या माणसानं इतकं ऐकू नये."

ती चहाला गेली तेव्हा मी आत डोकावले. वीसएक वर्षांनी मी वरदला इतक्या जवळून बघत होते. केस विरळ, चेहरा औषधानं सुजलेला. पांघरुणावरचे हात मात्र तेच. लांब बोटांचे, अंगठ्याचं नख जरा वाढवलेलं. अजून थोडे कापत होते.

"भक्ती," तो म्हणाला. नुसतं नाव.

"बाहेरचं काही खात होतास का रे?"

"डॉक्टरनी पण विचारलं. कुठलं तरी विलायती फळ सांगत होत्या, ग्रेपफ्रूट. खाल्लं का म्हणाल्या. मी ते जन्मात पाहिलेलं नाही."

"दुसरं काही?"

दारात आश्लेषा उभी होती, दोन कप घेऊन. वरदची नजर तिच्याकडं गेली, मग खिडकीकडं.

"नाही," तो म्हणाला. "बागेत पाऊस थांबला का?"

परतीच्या लाँचवर मी एकच गोष्ट उलटसुलट करत होते. गोळी खरी. गोळ्या मोजून. पोटात मोजून गेलं आणि रक्तात दुप्पट निघालं. एक तर गणित खोटं, नाहीतर माणसं. दोन माणसं खोटी बोलली होती. एक माझा भाऊ. आणि दुसरा ज्याच्या अंगात ते विष सापडलं, तो स्वतः.

४

मांडव्याहून एसटी धरून काशीदला उतरले. वाळूवर गाड्या, घोडे, मक्याची कणसं. रस्ता ओलांडून आत वळलं की नारळी-पोफळी सुरू होतात आणि आवाज बंद होतो. कुंपणाला काटेरी तार आहे. ती कधी आली मला माहीत आहे. तार नव्हती तेव्हा बाबा आत सुपाऱ्या उतरवायचे, मी कुंपणाच्या ह्या बाजूला, वरद त्या बाजूला. वरदच्या आईनं, गोदावरीकाकूंनी, एकदा पाहिलं. पुढच्या आठवड्यात तार आली. भांडण नाही, शिवी नाही, नुसती तार. चांगल्या घरची माणसं असंच करतात.

सुशृत, वरदचा धाकटा भाऊ, पाटाचं पाणी वळवत होता.

"या, पत्रकारबाई. विचारा. दादा गेला तर बाग विकायला माझी एकट्याची सही पुरेल, असं गाव म्हणतं. हेच ना?"

"हेच."

"रिसॉर्टवाले येतात, खोटं कशाला बोलू? मला विकायचीय. ह्या सुपारीत आता काही राहिलं नाही. पण दादाच्या घरी मी पाय ठेवून सहा महिने झाले. वहिनी उंबऱ्याबाहेर हात धुवायला लावते. गोळीत गडबड करायला आधी आत तर जायला हवं!" तो हसला, मग एकदम थांबला. "तुमच्या भावावर माझा राग नाही. पण कुणावर तरी असायला हवा ना? दादा तिकडं पडलाय."

"म्हणून रत्नपाल?"

"तोच सापडला," तो म्हणाला. निदान खरं बोलला.

विहिरीपाशी पपनसाचं झाड होतं. तेव्हाही होतं. वर शेंड्याला कलिंगडाएवढी चार फळं लटकत होती. खालच्या सगळ्या फांद्या मोकळ्या.

"यंदा फळ धरलं नाही?"

"धरलं की, गणपतीत वाकलं होतं. आई म्हणते, वानरांनी खाल्लं."

मी झाडाखाली वाकून पाहिलं. वानर फळ खातं तेव्हा सडा पडतो, चावलेल्या साली, थुंकलेल्या बिया. इथं एक साल नव्हती. फांदीवरचे देठ बोटभर राखून तिरके कापलेले होते. वानरं कोयता कधीपासून वापरायला लागली?

गोदावरीकाकू पडवीत वाती वळत होत्या. उठल्या नाहीत. "भागोजीची ना तू? बस. तिथं नको, ऊन आहे. इकडं बस."

"काकू, वरदला शेवटचं कधी भेटलात?"

"भेटले? मला भेटू कोण देतंय गो?" वात तुटली. "माझी किडनी घ्या म्हटलं. तपासली. म्हणाले, आजी तुम्हाला साखर आहे, तुमची चालत नाही. चाळीस वर्षं ह्या घरात सगळ्यांना सगळं चाललं माझं, तेवढं चाललं नाही. हिची चालली. बरं झालं. ह्या बाईनं माझा मुलगा वाचवला, मी रोज देवापाशी तिचं नाव घेते. पण म्हणून मी त्याला बघूसुद्धा नये?"

"त्याच्यासाठी काही पाठवता का?"

"मी?" त्यांनी वातींचं ताट पुढ्यात ओढलं. "मी काय पाठवणार. माझ्या हातचं तिकडं पोचतं कुठं."

एवढ्यात रस्त्यावर मुरूडहून अलिबागला जाणाऱ्या एसटीचा हॉर्न वाजला, दोनदा. काकूंची नजर दाराकडं गेली. दारामागच्या खुंटीवर कापडी पिशवी लटकत होती, रिकामी. जरा वेळानं पुन्हा हॉर्न. बागेसमोर थांबा नाही. मग ड्रायव्हर कुणासाठी थांबला होता?

काकू बसल्या जागेवरून पुटपुटल्या, "जा बाबा, जा. आता नाही काही."

५

मी पुढची एसटी पकडली आणि सरळ रत्नपालच्या मागच्या खोलीत शिरले. पंखा बंद केला. तो वास आता पाठमोरा नव्हता.

"खोकी हलव."

"ताई, काय..."

"हलव."

त्यानं खिडकीच्या खालचं खोकं सरकवलं. मागं, भिंतीच्या कडेला, एक होडी होती. पपनसाच्या जाड सालीची. आतून पांढरी, बाहेरून हिरवी, सुकून कडा वर वळलेल्या. मधोमध माडाच्या झावळीचा हीर उभा खोचलेला, डोलकाठीसारखा, आणि त्यावर फाकीचं पातळ साल शीड म्हणून अडकवलेलं.

मी ती उचलली आणि उभीच राहिले.

अशी होडी जगात एकच माणूस करतो. फळ अंगठ्याच्या नखानं सोलायचं, साल अखंड काढायची, आतले गुलाबी दाणे दुसऱ्याच्या ओंजळीत आणि साल आपल्याकडं. पाटाच्या पाण्यात ती सोडायची. पाट कुंपणाखालून ह्या बाजूला यायचा. ह्या बाजूला ओंजळ भरून मी उभी असायचे. तार आली तरी पाट अडवला नव्हता कुणी. नंतरही बरेच दिवस होड्या येत राहिल्या. मग एके दिवशी यायच्या थांबल्या. त्याच्या लग्नाचं बाबांनी सांगितलं, ते त्यानंतर.

"एक दिवसाआड यायचा," रत्नपाल हळू आवाजात बोलायला लागला. "गणपतीपासनं. काकू एसटीच्या ड्रायव्हरकडं पिशवी द्यायच्या, तो मला द्यायचा. ह्या स्टुलावर बसून अख्खं फळ खायचा, ताई. बोलायचा नाही फारसं. खाऊन झालं की होडी करायचा. वहिनीला कळू द्यायचं नाही, अशी शपथ घातली होती काकूंनी. काकूंनी आपल्या घरचं पाणी कधी घेतलं नाही, आणि मला म्हणाल्या, रत्नपाल, तुझ्याशिवाय माझं कुणी नाही. मी काय करणार होतो?"

"दुकान जायची वेळ आली तरी गप्प बसलास?"

"फळच तर होतं! फळाचा आणि गोळीचा काय संबंध? उगाच म्हातारीला सुनेपुढं उघडं पाडायचं?"

मी डॉक्टर मधुवंतींना फोन लावला.

"डॉक्टर, पेशंटनं पपनस खाल्लं असेल तर?"

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज. मग त्यांनी विचारलं, "किती?"

"एक दिवसाआड एक. अख्खं. महिनाभर."

"देवा," त्या म्हणाल्या.

६

गोदावरीकाकूंच्या पडवीत तक्रारीचा मसुदा तयार होता. वरदपाशी आपल्या बहिणीला बसवून आश्लेषा सहीसाठी आली होती. सुशृतनं पेन काढून ठेवलं होतं. मी रत्नपालला घेऊन आत गेले आणि होडी त्या कागदावर ठेवली.

काकूंनी ती बघितली आणि डोळे मिटले.

"सही करा," मी आश्लेषाला म्हटलं, "पण आधी ऐका. गोळी खोटी असती तर दवाखान्यात त्याच गोळीनं रक्त ताळ्यावर आलं नसतं. म्हणजे दुकान सुटलं. गोळ्या जास्त दिल्या असत्या तर उरलेल्या मोजताना कमी निघाल्या असत्या. तुमची मोजणी चोख आहे, म्हणजे तुम्ही सुटलात. सुशृतला घरात प्रवेशच नाही. राहिलं काय? दवाखान्यात नव्हतं आणि घरीही नव्हतं, असं काहीतरी तिसऱ्या जागी वरदच्या पोटात जात होतं. त्याचा त्रास सुरू झाला गणपतीनंतर. ह्या झाडाची फळं संपायला लागली गणपतीनंतर. झाडाखाली साल नाही, कारण साल अलिबागला जात होती. एसटीनं."

"पपनस?" सुशृत उठलाच. "आई, वानरं म्हणालीस ना तू?"

"पण फळानं काय होतं?" आश्लेषानं विचारलं. "जाड सालीचं फळ चालतं. मला डॉक्टरांनीच सांगितलंय."

"तेच तर," काकू एकदम बोलल्या. डोळे मिटलेलेच. "तूच सांगितलंस. जाड सालीचं, सोलून खायचं. ह्याच्यापेक्षा जाड साल कुठल्या फळाला असते गो? देवानं चिलखत घातलंय त्याला. मी नियमच पाळला. माझं आणखी काही त्याला चालत नव्हतं. हे एक चाललं असतं."

आश्लेषानं पेन दूर सरकवलं.

डॉक्टरांनी मला सांगितलेलं मी सांगितलं. पोटात गेलेल्या गोळीतली बरीचशी शरीर मोडून टाकतं. तेवढी मोडणार, हे धरूनच डोस ठरतो. पपनसात असं काहीतरी असतं, की ते त्या मोडणाऱ्याचे हात बांधून ठेवतं. मग गोळी तेवढीच, पण सगळी रक्तात. एक फळ खाल्लं तर दुसऱ्या दिवशीसुद्धा ते हात मोकळे होत नाहीत, आणि तोवर पुढचं फळ आलेलं असायचं.

"डॉक्टरांनी विचारलं होतं त्याला, ग्रेपफ्रूट खाल्लं का म्हणून. ते इथं कुणाच्या बापानं पाहिलंय? त्या म्हणाल्या, चूक झाली, मला कोकणातल्या माणसाला पपनस विचारायला हवं होतं. ग्रेपफ्रूट ही ह्या फळाची लेक आहे, पपनस तिची आई. लेकीचं नाव सगळ्या दवाखान्यांत लावलंय, आणि आई परसात उभी आहे, तिला कुणी विचारत नाही."

काकूंनी डोळे उघडले. "म्हणजे मी त्याला विष घातलं."

मला ह्या बाईचा वीस वर्षं राग होता. अजून आहे. पण राग एक आणि खोटं बोलणं एक.

"नाही," मी म्हटलं. "फळ चांगलं, गोळी चांगली. दोघांची गाठ पडू द्यायची नाही, एवढं सांगायला कुणी नव्हतं. वेळेवर कळलंय. डॉक्टर म्हणतात, किडनी वाचेल."

आश्लेषानं कागद उचलला. होडी बाजूला ठेवली आणि कागद फाडला, चार तुकडे. मग रत्नपालला म्हणाली, "भाऊ, माफ करा. माझ्यासमोर नाव आलं आणि मी धरलं."

मग ती होडी हातात घेऊन फिरवत राहिली. "हे ते करतात? मला कधीच... माझी किडनी आहे त्यांच्यात. आणि एक फळ खायला त्यांना दुकानामागं लपावं लागलं." तिनं मान वर केली. "ही त्यांनी केलेली आहे हे तुम्हाला कसं कळलं, ताई?"

पडवीत पाटाच्या पाण्याचा आवाज येत होता. काकू माझ्याकडं बघत होत्या. त्यांना सगळं माहीत होतं. तारेचा पहिला खांब त्यांनीच उभा करून घेतला होता.

"रत्नपालनं सांगितलं," मी म्हटलं.

"हो," रत्नपाल म्हणाला. "मीच सांगितलं." आणि त्यानं डाव्या कानाची पाळी चोळली.

७

खात्याचा निकाल आला, दुकान उघडलं. तो फोटो ज्यांनी फिरवला त्यांच्यापैकी एकानंही माफीचा एक शब्द फिरवला नाही. मी साप्ताहिकात नावं छापायला निघाले होते, रत्नपाल म्हणाला, "राहू दे ताई, त्यातले निम्मे माझ्याकडूनच गोळ्या नेतात." मग मी एवढंच छापलं: डॉक्टरनं गोळी लिहून दिली की, मागितलं नाही तरी आपल्या परसातली झाडं एकेक करून त्याला सांगा. मेडिकलवाल्यालाही विचारा. लाजू नका. धोंडूबाई काउंटरवर आली आणि पहिला प्रश्न तिनंच विचारला, "रत्नपाल, माज्या गोळीवर सुका जवळा चालंल का रं?" त्यानं तिचं बीपी मोजलं. मग मिठावरून इतकं झापलं तिला, की दुकानातले सगळे हसले.

वरद घरी आला. दर रविवारी आता गोदावरीकाकू अलिबागला जातात. उंबऱ्याबाहेर हात धुतात, नाकावर मास्क लावतात, आणि त्याच्यासमोर बसतात. काही नेत नाहीत. आश्लेषा त्यांच्यासाठी केळं सोलते.

दिवाळीआधी काकूंचा निरोप आला, येऊन जा. मी गेले. सुशृत झाड तोडायचं म्हणत होता, आश्लेषानं तोडू दिलं नाही म्हणे. शेंड्यावरची चार फळं उतरवलेली होती. काकूंनी त्यातलं एक दोन्ही हातांनी उचललं आणि पायऱ्या उतरून अंगणात आल्या.

"तू कसली गोळी घेत नाहीस ना?"

"नाही."

"मग घे."

मी घेतलं. जड होतं, उन्हानं कोमट. काकू आणखी काही बोलतील असं वाटलं. त्या तारेकडं बघत होत्या.

"गंज चढलाय तिला," त्या म्हणाल्या. "काढून टाक म्हणते सुशृतला. ऐकत नाही."

एसटीत ते फळ मांडीवर घेऊन बसले. रेवदंड्याच्या पुलावर वारा लागला तसा तो वास वर आला, कडसर, गोड, हिरवा. तेव्हा हे कुंपणावरून मिळायचं, चोरून, सोललेलं. आज दारातून मिळालं, अख्खं.

मी नख लावून बघितलं. साल फार जाड होती. मला ती अखंड काढता येत नाही. ते काम माझं कधीच नव्हतं.